अनंताला घातलेलं पाणी

माझी आंघोळ पेरूची होती, धाकट्या भावाची लिंबाची. आई न्हाणीत आंघोळ करी आणि ते पाणी मोरीतून मागे अळूला आणि केळीला जाई. बाबांच्या आंघोळीला मात्र झाड नव्हतं. ते जेवढ्या पाण्यात आंघोळ उरकत, तेवढ्यात एखादी चिमणीसुद्धा धड भिजली नसती.

आमच्या घरी हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं, की इतर लोक नुसत्याच आंघोळी करतात आणि त्यांचं पाणी कुणाच्या नावावर नसतं, हे मला शाळेत गेल्यावर कळलं. शेजारी बसणाऱ्या मुलीला मी सहज विचारलं, "तुझी आंघोळ कुठल्या झाडाची गं?" ती तडक बाईंना सांगून आली. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तेव्हापासून मी घरच्या गोष्टी घरातच ठेवायला शिकले.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. डोंबिवलीत एका बैठ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. पुढच्या खोल्यांत मालकीणबाई एकट्याच राहायच्या. मागे अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात दोन्ही घरांची मिळून एक विहीर. पावसाळ्यात ती इतकी भरे, की वाकून तांब्या बुडवावा. चैत्र लागला की पोहरा खाली टेकल्याचा आवाज वर यायचा, आणि मग मालकीणबाई म्हणायच्या, "आता जपून हं, पोरांनो." जपून म्हणजे सकाळी प्यायचे, स्वयंपाकाचे आणि आंघोळीपुरते हंडे भरून घ्यायचे, नंतर रहाटाला हात लावायचा नाही.

बाबांना हे सांगावं लागत नसे. ते माणदेशातले. त्यांच्या गावाला उन्हाळ्यात नदीच्या वाळूत खड्डा करायचा आणि त्यात पाणी झिरपून यायची वाट बघत बसायचं. वाटीवाटीने घागर भरायची. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज कधी रडवेला झाला नाही. उलट मजेत सांगायचे, की घागर भरेपर्यंत पाढे पाठ व्हायचे म्हणून गणित पक्कं झालं. पुढे शिकून ते मुंबईच्या एका कचेरीत कारकून झाले, धोतर-कोट घालून रोज जायला लागले, पण पाण्याच्या बाबतीत तो माणूस त्या वाळूतून कधी उठलाच नाही. आमचा आंघोळीचा चपटा दगड त्यांनीच कुठूनसा आणला होता. उन्हाळ्यात तो झाडाच्या आळ्यात ठेवायचा आणि त्यावर बसून अंगावर पाणी घ्यायचं. शिकेकाईच्या दिवशी दगड केळीकडे सरकवायचा, कारण केळीला काहीही चालतं म्हणे. भाजी धुतलेल्या पाण्यात बटाटे, बटाट्यांच्या पाण्यात विळी, आणि ते पाणी शेवटी शेवग्याला. पाहुणा आला तर त्याला अर्धं भांडं पाणी द्यायचं.

"अहो, बरं दिसतं का? लोक काय म्हणतील?" आई म्हणायची.

"तहान असली तर आणखी मागतील. न मागता ओतलं तर उष्टं राहतं," बाबा म्हणायचे. आणि खरं सांगते, पाहुणे मागायचे नाहीत. आमच्याकडून बरेच लोक तहानलेले परत गेले असतील.

आई कोकणातली. तिच्या माहेरी परसातून पाट वाहायचा, खाली खाडी, वर डोंगर, आणि चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस. पाणी कमी पडतं ही गोष्ट तिला लग्नानंतर समजली. तिला हात सैल सोडून पाणी ओतायची सवय. सडा घालताना अर्धी बादली संपवायची आणि मग बाबांच्या खोलीकडे बघून जीभ चावायची. बाकी सगळं तिने सोडलं, पण एका बाबतीत ती हटली नाही. काल भरलेलं पिण्याचं पाणी सकाळी शिळं. ते ओतून हंडा घासायचा, ताजं भरायचं. शिळं पाणी देवाला चालत नाही आणि माणसालाही द्यायचं नसतं, असं तिच्या माहेरचं वळण. बाबांचा जीव वरखाली व्हायचा. "एका रात्रीत पाण्याला काय होतं?" हा प्रश्न मी लहानपणी इतक्यांदा ऐकला, की त्याला उत्तर असतं असंच मला वाटत नसे.

हे भांडण मिटलं ते अनंतामुळे.

त्या वर्षी माघात आईची आई गेली. निरोप पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. आई दोन वर्षं माहेरी गेलेली नव्हती. आमची शाळा, भावाचा गोवर, काही ना काही निघायचंच, आणि आजी दर वेळी कळवायची, "सवडीने ये, घाई नाही." आई दिवसांना म्हणून बोटीने गेली आणि परत आली ती दोन वस्तू घेऊन. एक चिनीमातीची बरणी, तिच्यात आजीने आदल्या उन्हाळ्यात मिठाच्या पाण्यात घातलेल्या कैऱ्या. आणि ओल्या पंच्यात मुळं गुंडाळलेलं अनंताचं एक रोप. विहिरीजवळच्या अनंताची फांदी आजीने पावसाळ्यात मातीत खोचली होती, लेकीला न्यायला म्हणून. फांदीने मूळ धरलं, पानं फुटली, पण लेक न्यायला आली नाही. मामी म्हणाली, शेवटच्या दिवसांतही आजी विचारायची, त्या रोपाला कुणी पाणी घातलं का.

आईने ते आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी लावलं. ती रडत असलेली मी पाहिली नाही. पण रोज सकाळी शिळ्या पाण्याचा हंडा ती स्वतः उचलायची आणि अनंताच्या आळ्यात हळूहळू रिता करायची. बाबा दारात उभे राहून बघायचे. एका रात्रीत पाण्याला काय होतं, हा प्रश्न आमच्या घरातून तेव्हापासून गेला.

कैऱ्या आम्ही पुरवून पुरवून खाल्ल्या. वरणभाताबरोबर एक फोड, कधी चटणीत. चैत्रात शेवटची कैरी संपली आणि बरणीत नुसतं खारं पाणी उरलं. असं पाणी लांब नेऊन ओतायचं असतं, आईला ते पक्कं ठाऊक होतं. पण तिने ओतलं नाही. झाकणावर फडकं बांधून बरणी तशीच कोपऱ्यात ठेवली. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "असू दे. तिच्या हातचं मीठ आहे."

बाबांना हे माहीत नव्हतं. त्यांना फक्त एवढं दिसत होतं, की एक बरणीभर पाणी कित्येक दिवस कोपऱ्यात उगीच पडून आहे.

त्याच सुमारास अनंताला पहिली कळी धरली. हिरवी, पीळ दिलेली, करंगळीच्या पेराएवढी. आई दिवसातून दहादा तिच्यापाशी जायची. फुलेल का, गळेल का, ऊन फार होतंय का. तिच्या तोंडावर पुन्हा जरा उजेड दिसायला लागला होता. ती कळी फुलणं हे तिच्या मनात कशाशी जोडलेलं होतं हे तिने कधी सांगितलं नाही, आणि आम्हालाही ते विचारावं लागलं नाही.

रविवार होता. आई शेजारच्या आळीत चैत्रातल्या हळदीकुंकवाला गेली होती. मी आणि भाऊ तिच्याबरोबर, कारण तिथे पन्हं आणि कैरीची डाळ मिळायची. बाबा घरी एकटे. परत आलो तर ते अंगणात उभे, धोतराचा सोगा खोचलेला, हात ओले, आणि चेहऱ्यावर असं काही, की जे मी त्यांच्या चेहऱ्यावर एरवी कधी पाहिलं नव्हतं. लाजल्यासारखे दिसत होते.

"अगं," ते आईला म्हणाले, "आज तुझ्या अनंताला पोटभर पाणी घातलं. हात न आखडता."

आईला इतकं बरं वाटलं, की ती हसली. "कुठलं हो? विहिरीचं?"

"छे. विहिरीला कुठे पाणी आहे. त्या बरणीतलं. उगीच पडून होतं ना ते."

आईच्या हातात ओटीचे हरभरे होते. ती तशीच अनंतापाशी गेली, खाली बसली, चिमूटभर माती घेऊन जिभेला लावली.

मी लहान होते, पण मला बरणीतलं पाणी माहीत होतं. मीच म्हणाले, "बाबा, ते मिठाचं होतं."

"हो, वास आला मला," बाबा म्हणाले. अजूनही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. "पण तूच सांगत होतीस ना, तुमच्याकडे माडाला मीठ घालतात म्हणून? चांगलं मानवतं म्हणालीस."

"माडाला," आई म्हणाली. "ह्याला नाही."

बस, इतकंच बोलली. ती ओरडली असती, दोन शब्द लागट बोलली असती, तर बरं झालं असतं. बाबा ओले हात तसेच धरून उभे होते. मला आईचं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर बाबांचं जास्त वाटलं. ह्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा उधळून पाणी घातलं होतं. बायकोच्या माहेरच्या गोष्टी ऐकत नाही असं दाखवून त्यातली एक नीट लक्षात ठेवली होती. आणि आजीचं मीठही गेलं, आजीचं झाडही चाललं.

संध्याकाळी आई भांडी घासत असताना मी तिच्याशेजारी जाऊन बसले. "मरेल का गं ते?"

"खारावर गोडं पाणी लागतं," ती म्हणाली. "आमच्याकडे खाडीचं पाणी शेतात शिरलं, की पावसाळाभर त्यावरून गोडं पाणी वाहू द्यायचे. मीठ धुऊन निघतं मग. पण वाहू द्यावं लागतं, शिंपडून नाही चालत." जरा थांबून म्हणाली, "आता चैत्रात कुठलं वाहणारं पाणी? जाऊ दे. झाडच ते."

"झाडच ते" असं आई म्हणाली आणि राखेचा हात तसाच डोळ्यांना लावला. दाराच्या आत बाबा बसले होते. त्यांच्या हातातल्या वर्तमानपत्राचं पान बराच वेळ उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा बाबा अनंताजवळ उकिडवे बसून वरची माती खुरप्याने हलकेच खरवडून घमेल्यात भरत होते. आळ्याच्या एका बाजूला त्यांनी चर काढला होता, थेट फाटकापर्यंत. मग दोन कळश्या घेऊन ते बाहेर पडले. आमच्या विहिरीला हात लावायचा प्रश्नच नव्हता, तिच्यात दोन घरांच्या तोंडचं पाणी होतं. मानपाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर शेतात एक विहीर होती, तिला उन्हाळ्यातही पाणी असे. मीही मागे मागे गेले. शेताची मालकीण एक म्हातारी होती, गुडघ्याच्या वर लुगडं खोचून भाजीला पाणी सोडत होती. बाबांनी टोपी काढून सगळं सांगितलं, अगदी मिठासकट. माझे बाबा परक्या माणसापाशी इतकं कधी बोलत नसत.

म्हातारीने ऐकून घेतलं. "झाराला पायजे ना? ने मंग," ती म्हणाली. "पानी काय मी बांधून ठेवलाय?"

तेव्हापासून रोज सकाळी कचेरीला जाण्याआधी आणि संध्याकाळी परतल्यावर बाबा खांद्यावर एक आणि हातात एक अशा कळश्या आणू लागले. सवय उरली नव्हती. वाटेवर पाणी हिंदकळायचं, सदरा भिजायचा, आणि एरवी जिथे थेंब सांडला तरी त्यांचा जीव कळवळायचा, तिथे ते मागे वळून न बघता चालत यायचे. आळ्यात कळशी पूर्ण उपडी करायचे. पाणी मातीत शिरायचं, भरून यायचं आणि चरातून वाहत फाटकाबाहेर रस्त्यावर जायचं. ते बाबा उभं राहून बघायचे. आपल्या घरातून पाणी वाहून जाताना बघणं त्यांना किती जड जात असेल, हे मला आज कळतं. तेव्हा मी आणि भाऊ त्या ओहोळात पानांच्या होड्या सोडत होतो.

मालकीणबाई ओटीवरून म्हणाल्या, "आज उलटी गंगा वाहतेय की हो तुमच्या दारात."

"वाहू द्या," बाबा म्हणाले.

आई हे सगळं बघत होती आणि बोलत नव्हती. म्हणजे जेवायला चला, मीठ-तिखट बरोबर आहे का, सगळं बोलत होती, फक्त अनंताबद्दल नाही. कळी पहिल्या तीन-चार दिवसांतच गळाली होती. मग पानांच्या कडा करपल्या, मग पानं. एक एक करून सगळी पडली. उभी राहिली ती नुसती दोन-तीन काटकुळ्या फांद्यांची काडी. भाऊ म्हणाला, "मेलं ते, बाबा." मी त्याला चिमटा काढला. बाबा कळश्या उचलून पुन्हा मानपाड्याच्या वाटेला लागले.

वैशाख निम्मा झाला असेल. एका संध्याकाळी बाबांनी कळशी उचलली आणि ती आळ्यावर तिरपी करणार, इतक्यात आईने येऊन त्यांचा हात धरला. दिवसाउजेडी, आमच्यासमोर, मालकीणबाईंची खिडकी उघडी असताना. त्या काळी नवरा-बायकोने असं कुणापुढे हात धरायची पद्धत नव्हती, म्हणून मला ते इतकं स्पष्ट आठवतं.

"पुरे आता," ती म्हणाली. "मुळं कुजतील."

ती खाली बसली आणि अंगठ्याच्या नखाने खोडाची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं. थोडंसंच, पण ओलं हिरवं. बाबा तिच्याशेजारी खाली बसले. दोघं त्या नखाएवढ्या हिरव्याकडे बघत राहिली.

"मला खरंच वाटलं होतं गं, चांगलं होईल म्हणून," बाबा म्हणाले.

"मला माहीत आहे," आई म्हणाली. मग ती उठली, पेरूच्या आळ्यातला आमचा चपटा दगड दोन्ही हातांनी ओढत ओढत अनंतापाशी घेऊन आली आणि पदराने तोंड पुसून म्हणाली, "उद्यापासून तुमची आंघोळ इथे. आणि दोन तांब्यांत उरकायचं नाही. बादलीभर हवी. झाडाला लागते."

"बादलीभर?" बाबांना धक्काच बसला.

"तुमच्यासाठी नाही म्हणत मी."

अशी बाबांची आंघोळ अनंताची झाली. पाऊस सुरू झाला तेव्हा त्या काडीला बुडाशी दोन पानं फुटली आणि पुढच्या वर्षी वैशाखात पहिलं फूल आलं. आईने ते केसांत माळलं आणि दिवसभर काही ना काही निमित्त काढून बाबांच्या समोरून जात राहिली. बाबा रोज सकाळी दगडावर बसून कुरकुरत बादली संपवायचे. "एवढ्या पाण्यात आमच्या गावचं लग्न पार पडलं असतं," असं म्हणायचे, पण शेवटचा तांब्या सावकाश, खोडाच्या बाजूने, खांद्यावरून ओतायचे.

मी मॅट्रिकला बसले त्या वर्षी, वैशाखातच, बाबा गेले. दोन दिवस छातीत दुखत होतं, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे संपलं. गावाहून काका आधीच येऊन राहिले होते. सकाळी चार माणसं जमली. त्यांना शेवटची आंघोळ घालायला अंगणात, दाराजवळ ठेवलं. विहीर तळाला गेलेली. काका बाबांचेच भाऊ, त्याच वाळूतून पाणी काढून वाढलेले. त्यांनी अर्धी बादली भरून घेतली होती.

आई दारात आली आणि म्हणाली, "तिथे नको. अनंतापाशी न्या."

जमलेल्यांत एक वयस्क बाई होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अगं, फुलझाड ते. देवाला जातात त्याची फुलं." आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. बाबांना उचलून अनंताच्या आळ्याशी नेलं, त्या दगडाजवळ. झाड तोवर माझ्या डोक्याच्या वर गेलेलं होतं आणि फुलांनी भरलं होतं. काकांनी एक तांब्या डोक्यावर घातला, एक पायांवर, आणि बादली बाजूला ठेवली. त्यांच्या दृष्टीने झालं होतं. भावाला जेवढं लागायचं तेवढं झालं होतं.

मग आईनेच कोपऱ्यातला पिण्याच्या पाण्याचा हंडा उचलून आणला, भरलेला, आणि काकांच्या पुढ्यात ठेवला.

"भरपूर घाला, भावजी," ती म्हणाली. "वाया जाणार नाही."